एका तोंडातल्या दोन मुली

माप्रांग टेबलाखाली गेली आहे आणि बाहेर यायला तयार नाही. आपली आई वाकून तिला हाका मारते आहे. माप्रांग आतून सांगते आहे, "पहिली मुलगी झोपली. दुसरी अजून आलेली नाही. तुम्ही नंतर या." उद्या सकाळी आठ वाजता तिला पाठोपाठ दोन मुली व्हायचं आहे, त्याची ही तालीम चालू आहे. मी त्याच टेबलावर लिहितो आहे. अक्षर हलेल, तो दोष माझ्या हाताचा नाही.

बान नोंग सिम,
बुधवार, २७ मार्च

रत्तियाताई, दोन्ही हात जोडून नमस्कार. (नमस्कार आधी आणि बाकीचं नंतर, हे मला माहीत आहे. पण टेबल आधी हललं.) तुझी कंबर कशी आहे? त्या गोरं करायच्या क्रीमच्या दुकानात दिवसभर उभं राहावं लागतं, तर मालकिणीच्या डोळ्यांआड अधूनमधून बसत जा. बँकॉकला उकाडा असेल. इथे रोई एटलाही आहे. आईचे गुडघे बरे आहेत, विडा नेहमीसारखा चालू आहे. कोंबड्या चार कमी झाल्या, त्याचं कारण आई जाणे. मी ठीक आहे. तुझी मुलगी ठीक आहे. हे वाक्य तू दोनदा वाच, कारण यापुढे मी जे लिहिणार आहे त्यात तुला ते सापडणार नाही.

पत्र अशासाठी की फोनवर तू मला तिसऱ्या वाक्यापुढे जाऊ देत नाहीस, आणि मला सांगायचं आहे ते विसाव्या वाक्याच्या आसपास आहे. सोमफोपची गाडी उद्या बँकॉकला निघते. तो पत्र आणि आंबवलेल्या मासळीची बरणी तुझ्या खोलीवर आणून देईल. बरणी सरळ धर. मागच्या वेळी ती आडवी झाली आणि तुझ्या शेजारच्या मुलीने पोलिसांना बोलावलं, हे आम्ही विसरलेलो नाही.

तू सांगितलं आहेस की नववर्षाचं पाणी उडवून झालं की माप्रांगला घेऊन जाणार. सतरा एप्रिलला तिथल्या दवाखान्यात तिला औषध देऊन झोपवायचं आणि किडलेले सगळे दात एका बैठकीत उरकायचे. मी नको म्हटलं तेव्हा तू म्हणालीस, "तू दातांचा माणूस ना रे घरातला? मग भाचीच्या तोंडाचं हे काय करून ठेवलंस?" (आई तिला रात्री गोड दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवायची हे मला माहीत होतं. मी गावातल्या एकोणीस आज्यांना त्या बाटलीबद्दल व्याख्यान दिलं. विसावी माझ्या घरात होती.) शेवटी तू एक अट घातलीस: जागेपणी ती एका तरी परक्या माणसासमोर आपणहून तोंड उघडते असं दिसलं, तर झोपवायचं रद्द. अट बरोबर आहे. गेल्या वर्षी जिल्ह्याच्या गावी तिचा मुळाशी सुजलेला दात काढला तेव्हा चौघांनी तिला धरलं होतं. त्यातल्या एकाने पाय धरले होते, तो मी. त्यानंतर तिने एका डॉक्टरांना, एका शिक्षिकेला आणि भिक्खूंच्या पिशवीला चावून घेतलं, पण तोंड उघडून दाखवलं नाही. तेव्हा मला त्या सतरा तारखेआधी तुला काहीतरी दाखवायचं आहे. खाली जे सांगतो ते सगळं त्या धांदलीत घडलं.

आमच्या आरोग्य केंद्रात यंदा खोन केनच्या विद्यापीठाची एक पाहणी चालू आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलांचे किडलेले दात यंत्राने न कोरता आणि सुई न टोचता कसे सांभाळायचे, याच्या तीन रीती आहेत. त्या एकमेकींशी ताडून पाहायच्या. पहिली रीत काळ्या औषधाची. दात पुसायचा, बारीक कुंचल्याने औषधाचा एक थेंब किडीवर लावायचा, मिनिटभर थांबायचं, झालं. कीड तिथे थांबते, टणक होते आणि कोळशासारखी काळी पडते. सहा महिन्यांनी पुन्हा लावायचं. दुसरी रीत चमच्याची. चमचा म्हणजे दाताच्या आत शिरेल एवढा. त्याने किडलेला मऊ भाग हाताने खरवडून काढायचा आणि खड्ड्यात पांढरा लेप भरायचा. याला पाव तास लागतो, आणि पाच वर्षांच्या मुलाचा पाव तास किती लांब असतो ते तोंडात बोट घातलेल्या माणसाला कळतं. तिसरी रीत चांदीच्या टोपीची. (चांदी गावातले लोक म्हणतात. ते पोलाद आहे. मी सांगायचं सोडून दिलं.) काही दिवस आधी दाढेच्या दोन्ही बाजूंना रबराची बारीक कडी बसवून फट करायची. मग टोपीत लेप भरून ती किडक्या दाढेवर ठेवायची आणि मुलाला म्हणायचं, चाव. ते चावतं, टोपी बसते. खरवडायचं नाही, काही नाही. आत कीड उपाशी मरते. काही दिवस ती दाढ उंच लागते, मग तोंडाला सवय होते, आणि दुधाची दाढ पडायच्या वयात टोपीसकट पडते.

यातली चांगली कोणती, असं तू विचारशील. मला विचारू नये असा नियम आहे. बंद पाकिटं आहेत. यादीत मुलाचं नाव, नावापुढे क्रमांक, त्या क्रमांकाचं पाकीट फोडायचं, आत जी रीत निघेल ती करायची. मी पाहिलं ते एवढंच: औषध मिनिटात होतं पण लोकांना दिसतं. लेप कोणाला दिसत नाही पण कधीकधी निघतो (एकाचा चिकट भाताच्या गोळीत निघाला, आणि त्याच्या आजोबांनी तो खडा समजून तांदूळवाल्याशी भांडण काढलं). टोपी निघत नाही पण मुलं दिवसभर आ करून फिरतात. दुखलं म्हणून एकही तक्रार आली नाही. तक्रारी आल्या त्या अन्यायाच्या. चांदीचं पाकीट निघालेल्या मुलांचा बालवाडीत एक गट झाला आहे आणि ते लेपवाल्यांना खेळायला घेत नाहीत. सरपंचांनी नातवासाठी दुसरं पाकीट मागितलं. मी नाही म्हटलं. त्यांनी विचारलं, मग दुसरा नातू चालेल का?

नात्यातल्या मुलाला आपण हात लावायचा नाही, असाही नियम आहे. म्हणून माप्रांगचे दात दुआनपेनबाईंकडे होते. त्या शेजारच्या केंद्रातल्या दंतसेविका. त्या मुलांना तोंड उघड असं कधीच म्हणत नाहीत. मुलाला आजीच्या मांडीवर आडवं करतात, स्वतः डोक्याशी बसतात आणि आजीशी गप्पा मारतात. गप्पा इतक्या कंटाळवाण्या असतात की मूल आपणहून काहीतरी बोलायला तोंड उघडतं. माझं काम बाजूच्या टेबलावर बसून यादी वाचायचं. फेब्रुवारीत पहिल्या दिवशी मी वाचलं, "कन्लया." आई उठली, माप्रांगला घेऊन आत गेली. पाकिटातून काळं औषध निघालं. माप्रांगने वरचा ओठ उचलू दिला. पुढचे चार दात रंगवून झाले आणि तिने ओठ मिटले ते मिटलेच. दाढांपुढे दुआनपेनबाईंनी लिहिलं: नकार.

चार दात, ताई. वरचे, समोरचे, हसताना दिसतात ते.

तुला कळवायचं ठरलं होतं. आधी रंग पूर्ण चढू दे, मग सांगू, असं मी म्हटलं. (रंग दुसऱ्या दिवशी चढला होता.) मग तू फोनच्या पडद्यावर दिसायच्या वेळी आईने तिच्या तोंडाला सर्दीचा मास्क बांधायला सुरुवात केली. तेव्हा गेला महिनाभर तू जिला सर्दीचा काढा द्यायला सांगते आहेस, तिला सर्दी नाही. काढा आई पिते.

आईला मात्र काळे दात फार आवडले. ती माप्रांगला मांडीवर घेऊन आरशात दोघींचे दात जुळवून पाहते. तिच्या आईचे असे होते, आजीचे असे होते, तिचे स्वतःचे व्हायला तीस वर्षं विडा खावा लागला आणि या पोरीला एका मिनिटात मिळाले, याचं तिला कौतुक आहे. पांढरे दात कुत्र्याचे, असं लहानपणी त्यांना सांगत, म्हणते. शेजारच्या बुआलीमावशींनी कुंपणापलीकडून पाहिलं आणि ओरडल्या, "अगं खाम, पोरीला विडा खायला लावलास की काय? दुधाचे दात आहेत गं तिचे!" आई म्हणाली, "तुझ्या नातीचे पांढरे आहेत ना? मग रात्रभर रडतं कोण, तू?" मावशी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी केंद्रात आल्या आणि मला हळूच विचारलं, की ते औषध सत्तरीच्या माणसाला चालतं का, कारण त्यांचेही एका बाजूने नीट रंगले नव्हते.

आता नावाचं. यात तुझाही हात आहे, तेव्हा रागावायच्या आधी थोडं थांब. माप्रांगला तू सगळ्यांसारखं माप्रांग म्हणतेस. गाव माप्रांग म्हणतं. जन्माच्या दाखल्यावर ती कन्लया. मग दोन वर्षांपूर्वी तिचा ताप उतरेना, तेव्हा भिक्खूंनी सांगितलं की तिच्या जन्मवाराला या नावातलं एक अक्षर चालत नाही. तू सुट्टी काढून आलीस, तालुक्याच्या कचेरीत जाऊन नाव बदललंस आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेलीस. ताप उतरला. नवं नाव तू कोणाला सांगितलंस? मला नाही. आईला सांगितलंस म्हणतेस, पण तुझ्या स्वतःच्या तीन नावांतलं मधलं तिला अजून येत नाही. बालवाडीने आपल्या वहीतून कन्लया पाठवली. कचेरीने आपल्या यादीतून थन्यारत पाठवली. विद्यापीठाने दोघींना वेगवेगळे क्रमांक दिले. आडनाव एकच, पण इथे अर्ध्या गावाचं आडनाव एकच आहे, आपल्या पणजोबांच्या कृपेने. आणि मी, जो टेबलावर बसून रोज ती यादी वाचतो, मी थन्यारत कोणाची म्हणून दोनदा विचारलं, कोणी उठलं नाही, तर पुढे "गाव सोडून गेली" असं लिहिणार होतो.

ते लिहायचं राहिलं. दहा मार्चच्या आठवड्यात मला तालुक्याला बैठकीला जावं लागलं. (विषय: नोंदी अचूक ठेवणे.) माझ्या जागी बालवाडीच्या बाई बसल्या. त्यांनी मुलीचं नाव बाजूला ठेवून आईचं नाव वाचलं, रत्तिया. आमची आई उठली. तिला वाटलं, दुसरी फेरी. तिने पुन्हा संमतीच्या कागदावर अंगठा दिला. एकाच कामाला दोन अंगठे कशाला, असं तिला का वाटलं नाही, हे मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, सरकारी कामात एका अंगठ्यावर कधी काही झालंय का? पाकीट फोडलं, चांदी निघाली. दुआनपेनबाई रोज चाळीस तोंडं पाहतात, त्यांना चेहरे ओळखू येत नाहीत. काळे पुढचे दात त्यांनी पाहिले, पण तसे दात त्या महिन्यात गावातल्या दर तिसऱ्या मुलाला होते. त्यांनी दाढांना रबराची कडी बसवली. चार दिवसांनी, मी परत यायच्या आदल्या दिवशी, खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढांवर टोपी ठेवली आणि म्हणाल्या, "आजी, तुमची नात चावते म्हणे? मला नाही खरं वाटत." माप्रांगने दोन्ही टोप्या दोन चाव्यांत बसवल्या. तिचं जन्मभराचं कौशल्य पहिल्यांदा कामी आलं.

मी घरी आलो तर ती दारात आ करून उभी. पुढे काळं, मागे चांदी. मी पायरीवर बसलो.

खरं तर तेव्हाच मी विद्यापीठाला कळवायला हवं होतं. मी फोन लावलाही. आई समोर येऊन बसली आणि अडकित्त्याने सुपारी कातरायला लागली. कळलं तर टोप्या परत नेतील, असं तिच्या डोक्यात बसलं आहे. मी म्हटलं, "आई, दातांवर बसवलेलं कोणी परत नेत नाही."

"बालवाडीचे पंखे नेले ना?"

"ते दुरुस्तीला नेले."

"आले?"

आले नाहीत. मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी लावला, तेव्हा तिने पुन्हा अडकित्ता घेतला. इतकी सुपारी ती एरवी खात नाही.

मग सोमवारी त्यांचाच फोन आला, आणि तोही आईला, कारण कागदावर तिचाच नंबर आहे. पाहणीच्या प्रमुख प्राध्यापकबाई होत्या. संगणकावर त्यांना दोन मुली दिसल्या: घर तेच, आई तीच, जन्मतारीख तीच, नावं निराळी. त्यांनी फार सौम्यपणे विचारलं, "आजी, तुमच्याकडे जुळ्या मुली आहेत का?" आईने एक श्वास घेतला (मी शेजारीच होतो, मला ऐकू आला) आणि म्हणाली, "हो बाई. दोन."

तिला वाटलं, संपलं. पण बाईंचा आवाजच बदलला. सख्ख्या जुळ्या, एकाच घरात वाढलेल्या, एकाच आजीच्या हातचं खाणाऱ्या, आणि एकीला औषध, एकीला टोपी. अशी जोडी शोधून मिळत नाही, आजी. मी स्वतः येते. गुरुवारी आठ वाजता. दोघींना घरीच ठेवा. जाता जाता त्यांनी विचारलं, दिसायला सारख्या आहेत का? आई म्हणाली, "अगदी."

म्हणून ही तालीम. योजना आईची आहे आणि आईच्या मते तिच्यात खोट नाही. लाल झग्यातली मुलगी बाहेर येईल, हसेल, पुढचे दात दाखवेल, आत जाईल. मग बालवाडीच्या गणवेशातली मुलगी येईल आणि जांभई देईल, म्हणजे दाढा दिसतील. जांभई देताना पुढचे काळे दात दिसतात, हे मी लक्षात आणून दिलं. आईने त्यावर विचार केला आणि माप्रांगला वरचा ओठ दातांवर दुमडून जांभई द्यायला शिकवलं. ती तेव्हा म्हाताऱ्या कासवासारखी दिसते. दोघी एकदम समोर या, असं बाई म्हणाल्या तर? आई म्हणते, तेव्हा एक संडासात असेल. पाच वर्षांच्या मुली संडासात वेळ काढतात, हे प्राध्यापकांनाही माहीत असेल.

मी सरकारी नोकर आहे, ताई. मी या योजनेला विरोध केला. विरोध म्हणून मी झग्याला इस्त्री केली नाही.

यात गंमत बाजूला ठेवून एक गोष्ट सांगतो, आणि तेवढ्यासाठी हे सगळं लिहिलं. ज्या दिवशी टोप्या बसल्या, त्या दिवशी माप्रांगला कोणी धरलं नव्हतं. दुआनपेनबाईंनी धरलं नाही, आईच्या हातात पंखा होता. हे दोघींनी वेगवेगळं सांगितलं आणि दोन्ही सांगणी जुळतात. तू म्हणशील, बाई परक्या नाहीत, महिनाभर ओळखीच्या आहेत. मान्य. तुझी अट पुरी झाली असं मी म्हणत नाही. पण आता वरचे चार पुढचे आणि खालच्या दोन दाढा सांभाळल्या गेल्या आहेत. उरल्या वरच्या दोन. त्यांच्यासाठी तिला झोपवायचं का, ते तू ठरव. झोपवणारे डॉक्टर वाईट असतात असं मी म्हणत नाही. काही मुलांना तेच योग्य असतं, मी स्वतः तशी पाठवली आहेत. मी एवढंच म्हणतो की झोपेत केलं तर तिचे दात बरे होतील, पण जागी झाल्यावर तिला माहीत असलेली शेवटची गोष्ट तीच राहील, चौघं आणि पाय.

आणि काळ्या दातांबद्दल. तू दिवसभर लोकांना उजळ करतेस, तुला ते पाहवणार नाहीत, मला कळतं. सात-आठ वर्षांची झाली की ते पडतील. तोवर ती तुझ्या मैत्रिणींसमोर हसली तर तू काय सांगायचं, यावर मी विचार केला. आई म्हणते, आजीवर गेली आहे म्हणावं. मला याहून चांगलं काही सुचलं नाही.

टेबलाखाली आता शांतता आहे. आई सुपारी घ्यायला आत गेली. माप्रांगने माझ्या पायाला हात लावून विचारलं, "मामा, उद्या येणारी बाई धरते का?" मी म्हटलं, नाही. "तुम्ही?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "दुसरीलाही नाही?" मी म्हटलं, दोघींनाही नाही. तिने माझ्या पायावरचा हात काढला. तू लवकर ये. कंबर सांभाळ.

तुझा भाऊ,
प्रयून

ता.क. आईच्या काढा पिण्याबद्दल मी लिहिलं आहे, हे तिला कळू देऊ नकोस. काढा चालू ठेवायला सांग. तिला त्याचा उपयोग होतो आहे.

ता.क. २. वर दवाखान्याबद्दल जे लिहिलं ते माप्रांगपुरतं आहे. तेव्हा सतरा तारीख रद्द करू नकोस. माझ्या नावावर कर. खालच्या उजव्या बाजूची शेवटून दुसरी दाढ दुखते आहे. आठ महिने झाले. दुआनपेनबाईंना संशय आला आहे, त्या माझ्याशी कंटाळवाण्या गप्पा मारायला लागल्या आहेत, आणि मी सगळी उत्तरं मानेने देतो. लेप, औषध, टोपी यांची शास्त्रीय माहिती मला आहे, आणि ती माहिती असणं हीच अडचण आहे. मोठ्या माणसालाही पूर्ण झोपवतात का, ते नीट विचारून घे. अर्धवट झोपवत असतील तर मी येणार नाही. हे आईला सांगू नकोस, केंद्रात सांगू नकोस, आणि माप्रांगला तर मुळीच नको.

ता.क. ३. गुरुवार सकाळ. सोमफोपच्या गाडीचं चाक पंक्चर आहे, म्हणून पत्राचं पाकीट पुन्हा उघडलं. प्राध्यापकबाई आठला दहा कमी असताना आल्या. आईने लाल झग्यातली मुलगी बाहेर आणली. ती हसली नाही. बाकावर जाऊन बसली, बाईंकडे पाहिलं आणि म्हणाली, "दुसरी येणार नाही. मीच आहे." मग तिने आपणहून आ केला. बाईंनी खिशातून छोटी बॅटरी काढली, विचारलं, पाहू का? माप्रांगने मान हलवली आणि तोंड उघडं ठेवलं. बाईंनी बराच वेळ पाहिलं. आईकडे वळून पाहिलं नाही, ते बरं झालं. नंतर यादीतल्या दोन्ही नावांवर रेघ मारली. टोप्यांना हात लावला नाही. पावसाळ्यात वरच्या दाढा करायला मी अशीच येईन, यादीशिवाय, असं माप्रांगला म्हणाल्या. एकूण चार मिनिटं लागली. तिला कोणी धरलं नव्हतं. मग तिने तोंड मिटलं आणि चिकट भात मागितला.